‘ख्रिस्ती धर्मात साधना नाही, फक्त प्रसार आहे’ : एका मेसेजला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. दोन वेळा अनोळखी माणसांकडून, एकदा शाळेतल्या मित्राकडून आणि एकदा आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका तरुणाकडून. त्याने खाली लिहिलं होतं, “यावर आपण काय म्हणायचं?” त्या प्रश्नामुळे हे लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, ख्रिस्ती धर्मात ध्यान, तप, साधना असं काही नाही. रविवारी जमायचं, गाणी म्हणायची आणि घरी जायचं. दोन, खरा आध्यात्मिक माणूस स्वतःत उतरतो, दुसऱ्याच्या दारात जात नाही. ज्याला सांगायची घाई, तो आतून रिकामा. तीन, शाळा, दवाखाने, अनाथाश्रम ही सगळी आमिषं. चार, भजन, कीर्तन, अभंग हे उसने कपडे, भोळ्या माणसांना फसवण्यासाठी घातलेले. पाच, पैसा परदेशी आणि हुकूमही परदेशी. शेवटी गोव्याचा दाखला.

मी नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती घरात वाढलो. यातली काही वाक्यं मी लहानपणापासून ऐकत आलोय, ‘बाटगे’ या शब्दासकट. रागाने उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंय. काही मुद्द्यांत तथ्य आहे, तेही सांगणार आहे.

पहिला मुद्दा : साधनाच नाही.

माझी आजी सातवीपर्यंत शिकलेली. पहाटे चारला उठायची, चुलीजवळ गोणपाट टाकायची आणि गुडघे टेकायची. उजाडेपर्यंत. तिचे गुडघे उंटाच्या गुडघ्यांसारखे काळे, राठ झाले होते. आम्ही नातवंडं हात लावून बघायचो. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, चाळीस दिवसांत ती एकवेळ जेवायची आणि जे वाचलं ते मोजून बाजूला ठेवायची, कारण उपवासाचं वाचलेलं अन्न आपलं नसतं, असं तिचं म्हणणं. आमच्या वस्तीत अशा पाचसहाजणी तरी होत्या. त्यांचं कुणी कौतुक केलं नाही, त्यांनाही त्याची गरज वाटली नाही. बाहेरून बघणाऱ्याला चर्चची इमारत दिसते, रविवारचा पेहराव दिसतो. पहाटेचं गोणपाट दिसत नाही. येशूनेच सांगून ठेवलंय की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. दार लावलेलं असल्यामुळे आत काही नाहीच, असा अर्थ काढायचा का?

आणि हे फक्त घरगुती पातळीवरचं नाही. इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या चौथ्या शतकातल्या तपस्व्यांपासून आजच्या कार्मेल या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या बंद मठांपर्यंत मौन, उपवास, जागरण, रात्रीची स्तोत्रं यांची परंपरा कधी तुटलेली नाही.

दुसरा मुद्दा : खरा आध्यात्मिक माणूस बाहेर जात नाही.

हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे गैरसमज खोल आहे आणि तो आपल्यातही आहे. मेसेज असं धरून चालतो की आत आणि बाहेर या दोन विरुद्ध दिशा आहेत. एकीकडे गेलात की दुसरीकडून दूर जाता.

मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय उघडा. येशू पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात जातो आणि प्रार्थना करतो. शिष्य शोधत येतात : सगळे तुम्हाला शोधताहेत. आदल्या संध्याकाळी दाराशी अख्खं गाव जमलं होतं, आजारी बरे झाले होते, नाव झालं होतं. तिथेच परत जाणं सोपं होतं. तो म्हणतो, चला, आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. म्हणजे पुढे कुठे जायचं हे त्या एकांतात ठरलं, गर्दीच्या मागणीवर नाही. सहाव्या अध्यायात उलटं घडतं. थकलेल्या शिष्यांना तो म्हणतो, निर्जन जागी चला, थोडे विसावा. होडीने तिथे पोहोचतात तर लोक पायी धावत आधीच येऊन उभे. त्याला त्यांचा कळवळा येतो आणि विसावा तसाच राहतो. एकदा एकांत माणसाला बाहेर ढकलतो, एकदा माणसांचा कळवळा एकांताची जागा घेतो. तिसऱ्या अध्यायात बारा जणांना निवडण्याचं कारण दिलंय, तेही एकाच वाक्यात : त्यांनी त्याच्याबरोबर असावं आणि त्याने त्यांना पाठवावं. जवळ असणं आणि पाठवलं जाणं यांच्यात ‘किंवा’ नाही, ‘आणि’ आहे.

बाहेर गेल्यावर जाणारा तोच राहत नाही, हे तर मेसेजच्या लेखकाच्या मनातच आलेलं नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात पेत्र याफो गावात दुपारी छपरावर प्रार्थनेला चढतो. भूक लागलेली असते. त्याला दृष्टांत होतो, ज्यात तो आयुष्यभर विटाळ मानत आलेले प्राणी त्याच्यापुढे येतात. त्याच वेळी खाली दारात कर्नेल्य नावाच्या रोमी सैन्याधिकाऱ्याची माणसं उभी असतात. पेत्र त्या परक्याच्या घरात जातो आणि कबूल करतो की देव तोंडं बघून माणसं निवडत नाही, हे मला आता कळलं. शिकवायला गेलेला माणूस स्वतःच शिकून आला. प्रार्थनेने त्याला उंबरा ओलांडायला लावलं आणि ओलांडलेल्या उंबऱ्याने त्याची प्रार्थना बदलली.

आजीकडे परत येतो. तिच्याकडे शंभर पानी वही होती. तिच्यात नावं. पहाटे ती एकेक नाव घेऊन प्रार्थना करायची. त्यातली निम्म्याहून जास्त माणसं ख्रिस्ती नव्हती. एका पानावर शेजारच्या सुनेचं नाव आणि पुढे लिहिलंय : ‘हिला प्रभूची ओळख व्हावी.’ त्यावर एक आडवी रेघ आणि खाली दुसऱ्या शाईत : ‘हिच्या अंगावर दूध यावं.’ मधल्या काळात आजी त्यांच्याकडे गेली होती. रोज नाव घेतल्यावर एक दिवस जावंसं वाटलंच. गेल्यावर दिसलं की पोरगी बाळंतीण आहे, दूध येत नाही, बाळ रात्रभर रडतं आणि सासू तिलाच बोल लावते. आजीने अळिवाची खीर न्यायला सुरुवात केली आणि वहीतली ओळ बदलली. तिने ख्रिस्त सोडला म्हणून रेघ मारली नाही. त्या घरात गेल्यावर तिला कळलं की ख्रिस्त त्या क्षणी काय मागत असेल. त्या पानाएवढं ब्रह्मज्ञान मला अजून कुठल्या प्रवचनात मिळालेलं नाही.

आता याच्या अगदी टोकाचं उदाहरण. फ्रान्समधल्या लिझ्यू गावात तेरेज नावाची मुलगी १८८८ साली पंधराव्या वर्षी कार्मेलच्या बंद मठात गेली आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने तिथेच गेली. मठाबाहेर पडली नाही. मिशनकार्याला वाहून घेतलेल्या दोन तरुणांना ती पत्रं लिहायची, त्यांना भाऊ मानायची. आजारात चार पावलं टाकणंही जड झालं होतं, तरी चालत राहायची आणि म्हणायची की मी एका मिशनऱ्यासाठी चालतेय. कुठेतरी दूर तो दमला असेल. १९२७ साली कॅथलिक चर्चने तिला जगभरच्या मिशनकार्याची आश्रयदाती संत म्हणून जाहीर केलं, सोळाव्या शतकातले मिशनरी फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीला. एक समुद्र पालथे घालणारा, एक कोठडीतून न हललेली. चर्चला साधना आणि मिशन वेगळी वाटत असती तर ही जोडी जमलीच नसती. झेवियर यांच्या नावापाशी मला थोडं थांबावं लागणार आहे, पण ते गोव्याच्या मुद्द्यात.

तिसरा मुद्दा : सेवा म्हणजे आमिष.

आधी कबुली. दुष्काळात माणसं मिशनच्या दाराशी आली आणि त्यांतली काही ख्रिस्ती झाली, यात संशय नाही. पोटाची आग आणि श्रद्धा यांची सरमिसळ झाली. काही ठिकाणी मिशनऱ्यांनी आकड्यांना महत्त्व दिलं. तो दोष आहे आणि तो येशूच्या शिकवणीच्या विरुद्ध आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात, एक माणूस आपल्या धर्मात ओढण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या धर्मपुढाऱ्यांवर तो कडक शब्दांत तुटून पडतो. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक पुन्हा मागे येतात, तेव्हा तो तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधताय. बरेच जण सोडून जातात. तो त्यांना थांबवायला आणखी भाकरी काढत नाही. आणि जेवू घातलं याचा पश्चात्तापही करत नाही. आमिष लावणारा माणूस असा वागत नाही.

पण या मुद्द्याला खरं उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात आहे, आणि ते क्रमाने पाहायला हवं. मेसेजमध्ये क्रम असा धरलाय : आधी धर्मांतराचा हेतू, मग त्यासाठी सेवा. रमाबाईंच्या आयुष्यात तो क्रम कुठेच बसत नाही.

दुष्काळात आईवडील गमावलेली, संस्कृतात पारंगत असलेली ही बाई १८८३ साली इंग्लंडला गेली. तिथल्या वाँटेज गावच्या सिस्टरांनी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींनी, तिला लंडनच्या फुलम भागातलं त्यांचं काम पाहायला पाठवलं. तिथे ‘वाया गेलेल्या’ म्हटल्या जाणाऱ्या बायकांना सिस्टर सांभाळत होत्या, त्यांच्याशी प्रेमाने वागत होत्या. रमाबाईंनी पुढे स्वतः लिहिलंय की अशा बायकांसाठी काही करायला हवं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलं. हे कशामुळे, असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट समजावून सांगितली. सेवा डोळ्यांसमोर आधी आली, वचन नंतर. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथे कुणी कुणाला भाकरी दाखवली? ज्या बायकांची सेवा चालली होती त्यांच्यात रमाबाई नव्हत्याच. त्या पाहणाऱ्या होत्या.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडलं, विधवांसाठी, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. धर्माबाबत तटस्थ राहू, असं जाहीर करून. काम जोरात सुरू झालं. आणि मग, बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. हेही त्यांनीच लिहिलंय. म्हणजे सेवेच्या ऐन भरात त्यांना स्वतःचा रितेपणा दिसला. तिथून त्यांची प्रार्थना बदलली.

आणि तिथूनच वादही पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. १८९३ साली गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. मेसेजवाले इथे बोट ठेवतील आणि त्यांचा अधिकार आहे. पालकांचा राग मला समजतो. तटस्थतेचा शब्द ऐकून त्यांनी मुली ठेवल्या होत्या. रमाबाईंची बाजूही मला समजते. ज्या प्रार्थनेतून त्या उभ्या होत्या, तिचं दार मुलींच्या तोंडावर बंद करणं त्यांना जमलं नाही. दोन्ही बाजूंना वेदना झाली. पण हे आमिष नव्हतं. आमिष लावणाऱ्याला गिऱ्हाईक टिकवायचं असतं; रमाबाईंनी दार उघडं ठेवून ते गमावलं. पुढे त्यांनीच केडगावला उभ्या केलेल्या मुक्तिसदनाबाबत त्यांनी संदिग्धता ठेवली नाही, ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतः भोगलेली उपासमार आठवली म्हणून गेल्या. सुमारे ३०० मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे जागा मिळेना, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खोदल्या गेल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. आणि फुलमला जे पाहिलं होतं, ते केडगावला ‘कृपासदन’ म्हणून उभं राहिलं, जिला कुणीच दारात उभी करत नाही तिच्यासाठी. कित्येक वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलेली सेवा प्रार्थनेत मुरली आणि दुसऱ्या मातीत उगवली.

आता पुढचं बघा. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला जमण्याचं आवाहन केलं. सुरुवातीला सुमारे ७० जणी होत्या, जूनपर्यंत त्या काही शे झाल्या. जूनच्या अखेरीस जे मोठं आध्यात्मिक जागरण तिथे झालं, त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. ते कुठल्या मठात झालं नाही. माग, छापखाना, तेलाचा घाणा, गोठा, आंधळ्या मुलींची शाळा या सगळ्या कामाच्या मध्यावर झालं, दळणकांडण करणाऱ्या हातांमध्ये. आणि त्यातल्याच मुली गट करून आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. त्यानंतर रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम पुरं केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. १९२४ साली ते छापून बाहेर आलं, केडगावच्याच छापखान्यातून. त्याचे खिळे जुळवणारे हात दुष्काळातून आलेल्या बायकांचे होते.

सेवा, मग श्रद्धा, मग सेवा, मग खोल प्रार्थना, मग आणखी मोठी सेवा, मग जागरण, मग वचन. यात कुठली गोष्ट कशासाठी आमिष होती, ते दाखवून द्यावं.

आणखी एक माणूस. शार्ल द फुको, रमाबाईंच्याच सालचा, १८५८ चा जन्म. फ्रेंच सैन्यातला ऐषारामी अधिकारी, पुढे तपस्वी धर्मगुरू, अल्जेरियाच्या सहारात तामानरासेतला तुआरेग लोकांत राहिला. रोज तासन् तास प्रार्थना आणि उरलेल्या वेळात त्यांच्या भाषेचा शब्दकोश. १९०८ च्या जानेवारीत तो उपासमारीने, आजाराने मरायला टेकला. दुष्काळ होता. तुआरेगांनी आसपासच्या सगळ्या शेळ्यांचं मिळेल तेवढं दूध गोळा करून त्याला पाजलं. वाचवायला आलेल्याला त्यांनीच वाचवलं. त्यानंतर त्याचं बोलणं बदललं; मी यांना एका फटक्यात बदलायला नाही, यांना समजून घ्यायला आलोय, असं तो म्हणू लागला. १ डिसेंबर १९१६ ला त्याची हत्या झाली. धर्मांतराच्या हिशेबाने त्याची वही जवळजवळ कोरी आहे. चर्चने २०२२ साली त्याला संत घोषित केलं. ज्या मिशनला फक्त डोकी मोजायची असतात, ते अशा माणसाला संत म्हणत नाही.

जामखेड तर माझ्याच जिल्ह्यातलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती, आणि १९७० साली इथल्या दुष्काळी भागात आले. त्यांनी गावागावांतल्या बायकांना, अनेक दलित, अनेक निरक्षर, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांना कुणी धर्म विचारला नाही. आजही तिथे जाऊन विचारता येईल, रस्ता चांगला आहे.

चौथा मुद्दा : भजन-कीर्तन हे उसने कपडे.

यावर फार लिहावंसं वाटत नाही. नारायण वामन टिळक बाप्तिस्म्याआधीपासून मराठीत कविता लिहीत होते. तुकोबांवर ते वाढले आणि तुकाराम हाच आपल्याला ख्रिस्ताकडे नेणारा पूल झाला, असं ते म्हणत. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि पुस्तक खाली ठेववेना. १८९५ साली बाप्तिस्मा झाला. असा माणूस प्रार्थना कुठल्या भाषेत करणार? अभंग त्यांनी उसना आणला नाही, तो त्यांच्या घरचाच होता. आणि हे त्यांच्यापासून सुरूही झालेलं नाही. गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या एखाद्या भाषेवर जीव जडल्याशिवाय लिहून होत नाहीत. आमच्याकडे टाळ-मृदंगावर जे भजन होतं, ते चौघांना दाखवायला नाही. दुसऱ्या कुठल्या सुरात आम्हाला रडू येत नाही.

पाचवा मुद्दा : पैसा आणि हुकूम परदेशी.

पैसा परदेशी होता, हे खरं. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक मिशनचा बराचसा खर्च अमेरिका आणि इंग्लंडमधून यायचा, रमाबाईंच्या कामालाही अमेरिकेतून मदत होती. त्याने नुकसानही झालं. पगार देणारा साहेब आणि पगार घेणारा ‘नेटिव्ह’ उपदेशक, हे नातं मंडळीच्या अंगात मुरलं. मिशन कंपाउंडच्या भिंतीने आपल्याच गावापासून आम्हाला तोडलं. हे दुःख आमचं आहे, मेसेज लिहिणाऱ्याच्या आधीपासून आमचं आहे.

पण हुकुमाचं म्हणाल तर सुरुवात हुकुमाने झाली नाही. १८०६ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनला कॉलेजातले पाच विद्यार्थी प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं, ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि तिथे प्रार्थना करताना दूरच्या देशांचं ओझं त्यांच्या मनावर आलं. त्या चळवळीतून १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था उभी राहिली आणि त्याची माणसं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरली. ईस्ट इंडिया कंपनी त्यांना परत धाडायला निघाली होती. हॉल १८२६ साली दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने गेले. याच मिशनच्या नगरच्या शाळेत सिंथिया फेरार होत्या, ज्यांच्याकडे सावित्रीबाई फुल्यांचं अध्यापनाचं शिक्षण झालं.

आणि पगाराच्या त्या नात्याला मोडणारा माणूसही प्रार्थनेतूनच आला, आणि तो मराठी होता. टिळक वीसेक वर्षं मिशनमध्ये होते, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे एकत्र, असा तो दरबार. उतारवयात पगार सोडणं ही सोपी गोष्ट नाही. घरात पत्नी लक्ष्मीबाई होत्या, संसार होता. दोन वर्षांत, १९१९ साली ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण बी पडलं होतं. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ साली नगर जिल्ह्यात मिरी इथे ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ सुरू केला : भारतीय आणि युरोपीय एकत्र, जमिनीवर बसून जेवण, खादी, ठरलेल्या वेळी प्रार्थना. पुढच्याच वर्षी त्याने टिळकांचं चरित्र लिहिलं. शिकवायला आलेला साहेब मराठी कवीच्या पायाशी बसला होता. यात हुकूम कुणाचा कुणावर?

आता गोवा.

गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडता, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. देवळं पाडली गेली, माणसं छळली गेली, कित्येक कुटुंबं देव पाठीवर घेऊन खाडी ओलांडून गेली. आणि ते आणावं अशी विनंती पोर्तुगालच्या राजाला पत्राने केली होती ती फ्रान्सिस झेवियर यांनीच, १५४६ साली. तेरेजच्या शेजारी त्यांचं नाव घेताना मी थांबलो ते यामुळे. या माणसाने रोग्यांच्या जखमा धुतल्या, रात्री प्रार्थनेत काढल्या, हे खरं. त्याने राजाची तलवार मागितली, हेही खरं. यावर ‘त्या काळी तसंच होतं’ असं म्हणून मी पुढे जाणार नाही. त्या काळीही क्रूसावर टांगलेला ख्रिस्त वेदीवर होता.

मात्र मेसेज यातून काढतो तो निष्कर्ष चुकीचा आहे. गोव्यात जे घडलं ते साधनेतून बाहेर पडलेलं मिशन नव्हतं, ते साधनेपासून तुटून राजसत्तेला जोडलेलं मिशन होतं. आणि त्याचा निवाडा कुठे झाला ते बघा. १२ मार्च २००० रोजी, लेंटच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये सेंट पीटर्सच्या वेदीपुढे चर्चच्या पापांची जाहीर कबुली दिली. सत्याच्या नावाखाली केलेल्या हिंसेची क्षमा मागितली. पत्रकार परिषदेत नाही, मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी, प्रार्थना म्हणून. मला ती कबुली पुरेशी वाटत नाही. गोव्याचं नाव घेऊन ती व्हायला हवी. पण मिशनने केलेलं पाप शेवटी गुडघ्यांवर येऊनच ओळखलं जातं, हे तिथे दिसलं.

आता आमच्या मंडळीतल्या त्या तरुणासाठी दोन शब्द.

बाबा रे, हा मेसेज बाहेरून आला असला तरी त्याचं निम्मं म्हणणं आपणच पटवून देतो. आपल्यात एक जण म्हणतो, “मी प्रार्थना करतो, बाकी पाळकसाहेब बघतील.” दुसऱ्याला रविवारच्या दानाच्या आकड्यापलीकडे काही दिसत नाही. तिसरा माणसं आणण्याच्या मागे इतका लागलाय की त्याला बसून प्रार्थना करायला सवड नाही. त्याच्या बोलण्यात मग समोरचा माणूस नाव राहत नाही, आकडा होतो. २०११ च्या जनगणनेत आपण महाराष्ट्रात एक टक्क्याहून थोडे कमी होतो, साधारण पावणे अकरा लाख. दोनशे वर्षांच्या ‘फक्त प्रसारा’ने हेच होत असेल, तर मेसेजवाल्यांनी तरी निर्धास्त राहायला हरकत नाही. तू मात्र त्या आकड्याची काळजी करू नकोस. वही घे. जे नाव लिहिशील त्याच्या घरी एकदा तरी जा, आणि जाऊन आल्यावर ओळ बदलावीशी वाटली तर बदल.

आजीची वही माझ्याकडे आहे. शेवटच्या वर्षांत तिचा हात थरथरायचा, अक्षर लागेना. त्या पानांवरचं अक्षर तिचं नाही, गोल, शाळकरी आहे. शेजारच्या घरातला तोच मुलगा, ज्याच्या आईच्या अंगावर दूध येत नव्हतं, संध्याकाळी येऊन तिच्या खाटेपाशी बसायचा. ती नावं सांगायची आणि तो लिहून घ्यायचा. तो माळकरी आहे, दरवर्षी वारीला जातो. आजी गेली तेव्हा कबर खणायला पहिल्यांदा कुदळ त्याने घेतली.